शहरातील नव्या सदनिकेची भाडेपूर्व पारख : पिंपळनेर परिसरातून शहरात जाणाऱ्या भाडेकरूंच्या संदर्भात

सारांश :
शिक्षण व नोकरीनिमित्त पिंपळनेर परिसरातून धुळे, नाशिक, पुणे अशा शहरांत जाणारी कुटुंबे व विद्यार्थी बहुधा नव्या इमारतींतील सदनिका भाड्याने घेतात. इमारत नवी असल्यामुळे ती निर्दोष असेल, असा समज सर्वत्र आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली असून कागदपत्रे, बांधकाम, सेवासुविधा, व्यवस्थापन आणि करार या पाच अंगांनी नव्या इमारतीची पारख कशी करावी, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : भाडेकरू, भोगवटा प्रमाणपत्र, लीव्ह अँड लायसन्स, गृहनिर्माण संस्था, माहितीची विषमता.

प्रस्तावना :
पिंपळनेर हे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील, पांझरा नदीकाठचे बाजारपेठेचे गाव. दीर्घकाळ ग्रामपंचायतीचा कारभार असलेल्या या गावात आता नगरपरिषद आहे. गावाच्या जुन्या भागात व आसपासच्या खेड्यांत धाब्याची घरे आजही दिसतात. लाकडी खांब व तुळया, त्यांवर मातीचा थर आणि मातीच्या जाड भिंती अशी या घरांची रचना असते. या घराचे गुणदोष घरात राहणाऱ्या माणसाला डोळ्यांनी दिसतात. तुळईला वाळवी लागली, धाब्याची माती धुपली, भिंतीला पोट सुटले की घरातील वडीलधाऱ्या माणसाला ते लगेच कळते. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकणे हे वार्षिक काम असते. घराची पारख करण्याचे ज्ञान अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या घरातच राहिले.

याच घरातील मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी नाशिकला जाते, अथवा नव्याने नेमणूक झालेला शिक्षक धुळ्याच्या देवपूर भागात सदनिका पाहतो, तेव्हा हे ज्ञान फारसे उपयोगी पडत नाही. काँक्रीटच्या इमारतीत लोखंडी सळया, जलवाहिन्या व विद्युततारा हे सारे गिलाव्याखाली झाकलेले असते. वर ताजा रंग, चकचकीत फरशी व नवी लिफ्ट असते. पाहणाऱ्याला इमारतीचे नवेपण दिसते आणि तेवढ्यावर तो अनामत रक्कम देऊन मोकळा होतो. नवेपणावर ठेवलेला हा विश्वास कितपत योग्य आहे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे :
१) नव्या इमारतीविषयीच्या प्रचलित समजाची चिकित्सा करणे.
२) भाडेकरूचे कायद्यातील स्थान स्पष्ट करणे.
३) भाडेकरारापूर्वी करावयाच्या तपासणीचे टप्पे सांगणे.

लेखाची व्याप्ती महाराष्ट्रापुरती मर्यादित आहे. खानदेशातून सुरतकडे जाणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. परंतु तेथे गुजरात राज्याचे भाडेविषयक कायदे लागू होतात.

१. नवेपण आणि माहितीची विषमता :
अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा विचार मांडला. विकणाऱ्याला वस्तूचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे बाजारात चांगली व वाईट वस्तू एकाच भावाने विकली जाऊ लागते. याच विषयावरील कार्यासाठी त्यांना २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरभाड्याच्या बाजारातही हीच विषमता आढळते. जुन्या इमारतीबाबत ती थोडी कमी असते, कारण तेथील रहिवासी, शेजारी व भिंतींवरील डाग बरेच काही सांगून जातात. नव्या इमारतीला असा इतिहासच नसतो. तिने पुरेसे पावसाळे पाहिलेले नसतात, सर्व सदनिका भरल्यावर पाणी पुरते की नाही याची परीक्षा झालेली नसते आणि अनेकदा तिचा कारभार बांधकाम व्यावसायिकाकडून रहिवाशांकडे आलेला नसतो. या अर्थाने नवी इमारत ही अद्याप न तपासलेली इमारत असते.

राज्यातील काही दुर्घटना या संदर्भात विचारात घ्याव्या लागतात. ठाणे जिल्ह्यातील शीळफाटा भागात ४ एप्रिल २०१३ रोजी ‘लकी कंपाउंड’मधील बहुमजली इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. ही इमारत अनधिकृत होती. तिचे वरचे मजले बांधले जात असतानाच खाली लोक राहत होते. रायगड जिल्ह्यातील महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी ‘तारीक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण मृत्युमुखी पडले. ती बांधून एक दशकाच्या आतबाहेरच काळ लोटला होता. विरार येथे ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस ‘रमाबाई अपार्टमेंट’चा भाग कोसळून १७ जणांचा बळी गेला, ती अनधिकृत इमारतही २०१२ च्या सुमारास बांधलेली होती. यांपैकी कोणत्याही इमारतीला रूढ अर्थाने जुनी म्हणता येणार नाही. अशा घटना विरळ असल्या तरी वयावरून इमारतीच्या सुरक्षिततेचे अनुमान काढता येत नाही, एवढे त्यांवरून निश्चित होते.

२. कायद्यातील भाडेकरूचे स्थान :
स्थावर संपदा अधिनियम, २०१६ हा सामान्यतः ‘रेरा’ या नावाने परिचित आहे. या कायद्याने सदनिका खरेदीदाराला भक्कम संरक्षण दिले. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात संरचनात्मक दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी प्रवर्तकावर आहे. तथापि, याच कायद्यातील ‘ॲलॉटी’ या संज्ञेच्या व्याख्येतून भाड्याने राहणारी व्यक्ती स्पष्टपणे वगळलेली आहे. म्हणजेच गळक्या भिंतीबाबत मालक प्रवर्तकाकडे दाद मागू शकतो. त्याच भिंतीआड राहणारा भाडेकरू या कायद्याखाली तशी मागणी करू शकत नाही.

दुसरी बाब कराराच्या स्वरूपाची. शहरांतील बहुतेक सदनिका ‘लीव्ह अँड लायसन्स’ या पद्धतीने दिल्या जातात. या करारामुळे राहणाऱ्यास केवळ वापराची परवानगी मिळते, भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर जागा रिकामी करावी लागते. तसे न केल्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. बोलीभाषेत अशा व्यक्तीलाही भाडेकरूच म्हटले जाते आणि या लेखातही तोच शब्द वापरला आहे; परंतु कायद्याने तिचे संरक्षण मुख्यत्वे करारात लिहिलेल्या अटींपुरते उरते. त्यामुळे सदनिका घेण्यापूर्वी केलेली तपासणी आणि करारातील शब्द हीच तिची खरी साधने ठरतात.

३. कागदपत्रांची पारख :
नव्या इमारतीबाबत सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम पूर्ण झाले असून इमारत राहण्यास योग्य आहे, असे नियोजन प्राधिकरण या प्रमाणपत्राद्वारे मान्य करते. सदनिकांच्या मालकीविषयीच्या १९६३ च्या राज्य अधिनियमात, म्हणजे ‘मोफा’ कायद्यात, पूर्णत्वाचा दाखला मिळण्यापूर्वी प्रवर्तकाने कोणालाही ताबा देऊ नये आणि कोणी तो घेऊही नये, अशी तरतूद पूर्वीपासून आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १७ डिसेंबर २०२४ रोजीच्या निकालात वीज, पाणी व मलनिस्सारण यांच्या जोडण्या असे प्रमाणपत्र दाखविल्यानंतरच द्याव्यात, असे निर्देश दिले आहेत.

भोगवटा प्रमाणपत्र पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात. प्रमाणपत्र संपूर्ण इमारतीचे आहे की अंशतः आहे, त्यात संबंधित मजल्याचा समावेश आहे काय आणि जागेचा वापर निवासी असा नमूद आहे काय. ‘प्रमाणपत्र लवकरच येणार आहे’ या उत्तराचा अर्थ ते आज नाही, एवढाच घ्यावा. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र दाखवून वेळ मारून नेली जाते. ते केवळ काम सुरू करण्याची परवानगी असते.

पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक क्षेत्राचे किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांचे प्रकल्प साधारणपणे महारेराकडे नोंदवावे लागतात. मे २०१७ पासून कार्यरत असलेल्या या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती कोणालाही पाहता येते. भाडेकरूला महारेराकडे दाद मागता येत नसली तरी तेथील नोंदी वाचण्यास त्याला कोणताही अडसर नाही. छोट्या इमारती या नोंदणीच्या कक्षेबाहेर राहतात. अशा वेळी महानगरपालिका वा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात चौकशी करावी. आवश्यक वाटल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो.

सदनिका देणारी व्यक्ती खरोखर मालक आहे काय, हे खरेदीखताच्या सूची क्रमांक दोनवरून व मालमत्ता कराच्या पावतीवरून पडताळावे. नव्या सदनिका बहुधा गृहकर्जावर घेतलेल्या असतात. कर्ज थकल्यास २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक सदनिकेचा ताबा घेऊ शकते आणि त्याची झळ आत राहणाऱ्यास बसते. म्हणून कर्ज आहे काय व त्याचे हप्ते नियमित आहेत काय, हा प्रश्न संकोच न बाळगता विचारावा.

४. बांधकामाची पारख :
भाडेकरू अभियंता नसतो, तरीही बऱ्याच गोष्टी त्याला साध्या निरीक्षणाने कळू शकतात. तपासणीचा आरंभ सदनिकेपासून न करता पार्किंगच्या मजल्यापासून करावा. इमारतीचा सांगाडा तेवढ्याच ठिकाणी सजावटीविना दिसतो. खांब व तुळयांवर गंजाचे तांबूस ओघळ, उघड्या पडलेल्या सळया, पोकळ सच्छिद्र काँक्रीट किंवा छतातून टपकणारे पाणी दिसल्यास ती गंभीर बाब समजावी. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवल्याने आलेला कमकुवतपणा हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. म्हणून दुकान वा खोली काढण्यासाठी या मजल्यावर मूळ रचनेत फेरफार झाला आहे काय, हेही पाहावे.

भिंतींवरील प्रत्येक भेग धोक्याची नसते. वीट वा ब्लॉकची भिंत व काँक्रीटचा खांब यांच्या सांध्यावर केसासारखी बारीक भेग नव्या बांधकामात नेहमी आढळते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी रुंद भेग, खांब वा तुळईवरील भेग आणि एकाच रेषेत अनेक मजल्यांवर दिसणारी भेग यांची मात्र दखल घ्यावी. खानदेशात अनेक ठिकाणी काळी कसदार जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. अशा जमिनीवर पाया पुरेसा खोल नसल्यास भिंती तडकतात व दारे चौकटीत अडकू लागतात. म्हणून घरातील प्रत्येक दार व खिडकी उघडून-लावून पाहावी.

काँक्रीटला मजबुती येण्यासाठी त्यावर पुरेसे दिवस पाणी मारावे लागते. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटसाठी हा काळ किमान सात दिवसांचा, तर मिश्र सिमेंटसाठी दहा दिवसांचा सांगितला आहे. पाणीटंचाईच्या भागात, विशेषतः उन्हाळ्यात, या कामात कसूर होण्याचा संभव असतो. खांबांच्या बाबतीत हा दोष वरून ओळखणे अवघड असते. परंतु नाण्याने हलकेच खरवडल्यावर गिलाव्याची भुकटी पडत असेल, तर एकंदर कामाच्या दर्जाविषयी शंका घ्यावी.

ओलीची पारख करताना ऋतूचा विचार आवश्यक ठरतो. महाविद्यालये जूनमध्ये सुरू होतात आणि घरे मे-जूनमध्ये शोधली जातात. त्या वेळी भिंती वर्षात सर्वाधिक कोरड्या असतात. म्हणजेच घर पाहण्याचा आपला हंगाम गळती ओळखण्यासाठी सर्वांत प्रतिकूल असतो. यावर उपाय म्हणून न्हाणीघराच्या पाठीमागची भिंत, खिडक्यांखालचा भाग, वरच्या मजल्यावरील न्हाणीघराखालचे छत व शेवटच्या मजल्यावर गच्चीखालचे छत बारकाईने पाहावे. लोणा, पोपडे, बुरशीचा वास किंवा एकाच ठिकाणी नव्याने दिलेला रंग या ओलीच्या खुणा आहेत. न्हाणीघरात व सज्जात तांब्याभर पाणी ओतून ते जाळीकडे वाहते काय, हे पाहावे. शेजाऱ्यांना मागील पावसाळ्याविषयी आवर्जून विचारावे. इमारतीने एकही पावसाळा पाहिलेला नसेल, तर या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेही नसते. अशा वेळी गळतीची दुरुस्ती कोणी व किती दिवसांत करावयाची, हे करारातच लिहून घेणे श्रेयस्कर ठरते.

५. सेवासुविधांची पारख :
पाण्याच्या बाबतीत मे महिना उलट अनुकूल असतो, कारण टंचाई तेव्हाच उघड होते. नळजोडणी महापालिकेची आहे की इमारत केवळ कूपनलिका व टँकरवर अवलंबून आहे, पाणी किती दिवसांआड येते, टँकरचा खर्च कोणावर पडतो आणि आजमितीस किती सदनिका रिकाम्या आहेत, हे विचारावे. अर्धी इमारत रिकामी असताना पुरणारे पाणी ती भरल्यावर पुरेलच असे नाही. सदनिकेत दोन नळ एकाच वेळी उघडून दाब पाहावा.

विजेचे स्वतंत्र मीटर व मागील दोन-तीन महिन्यांची देयके पाहावीत. नव्या इमारतीत कधीकधी बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीवरच सदनिका चालविल्या जातात. त्या जोडणीचा दर व नियम वेगळे असतात आणि भोगवटा प्रमाणपत्र नसल्याचे ते लक्षण असू शकते. भूसंपर्कन व विद्युतगळती झाल्यास प्रवाह खंडित करणारे उपकरण बसविले आहे काय, हे तारतंत्र्याकडून पाहून घेता येते.

लिफ्टच्या वापराचा परवाना, देखभालीचा करार आणि वीज गेल्यावर होणारी पर्यायी सोय यांची चौकशी करावी. अग्निसुरक्षेबाबत महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. ज्या इमारतींना या उपाययोजना बंधनकारक आहेत, तेथे यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. जिन्यात सामान, दुचाकी वा कुलूपबंद जाळी असल्यास कागद काहीही सांगोत, आगीच्या वेळी तो मार्ग बंदच असतो.

६. व्यवस्थापनाची पारख :
इमारतीची सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदविली गेली आहे काय, की कारभार अजूनही बांधकाम व्यावसायिकाकडेच आहे, यावर दैनंदिन जीवन बरेचसे अवलंबून असते. संस्था नसल्यास तक्रार कोणाकडे करावी, हाच प्रश्न राहतो. देखभाल खर्च मालक देणार की भाडेकरू, हे आधी ठरवावे. सदनिका भाड्याने दिल्यास संस्था मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. राज्य शासनाच्या ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. हे शुल्क मालकाचे दायित्व असून ते भाडेकरूवर ढकलले जात नाही ना, हे पाहावे. विद्यार्थी, अविवाहित व्यक्ती, पाहुणे, वाहनतळ यांविषयीचे संस्थेचे नियम अनामत देण्यापूर्वी लेखी पाहावेत.

७. कराराची पारख :
‘अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही’ हा समज दूरवर पसरलेला आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यांची नोंदणी सक्तीची केल्यामुळे अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून तिचे उल्लंघन केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लेखी नोंदणीकृत करार नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

नोंदणीचा खर्च फार नसतो. उदाहरणार्थ, मासिक १२,००० रुपये शुल्क, ३६,००० रुपये परतावायोग्य अनामत व अकरा महिन्यांची मुदत असल्यास एकूण शुल्क १,३२,००० रुपये होते. अनामतीवर दहा टक्के दराने अकरा महिन्यांचे कल्पित व्याज ३,३०० रुपये. या १,३५,३०० रुपयांवर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क सुमारे ३४० रुपये येते. नोंदणी फी वेगळी. छत्तीस हजारांची अनामत सुरक्षित राखण्यासाठी ही रक्कम अल्पच म्हणावी लागेल.

करारात अनामत परतीची मुदत, दुरुस्तीची जबाबदारी, देखभाल खर्च, पाण्याचा खर्च आणि मुदतीपूर्वी सोडण्याची सूचना यांचा स्पष्ट उल्लेख असावा. ताबा घेताना भिंती, फरशा, नळ व मीटरचा आकडा यांची दिनांकासह छायाचित्रे काढून त्यांची प्रत मालकास द्यावी. नव्या सदनिकेत मूळचा दोष आणि वापरातून झालेले नुकसान यांवरूनच पुढे अनामतीचा वाद निर्माण होतो.

निष्कर्ष :
१) इमारतीचे नवेपण हा गुणवत्तेचा पुरावा मानता येत नाही. नवी इमारत काळाच्या कसोटीला अद्याप उतरलेली नसल्याने तिची पारख अधिक काटेकोरपणे करावी लागते.
२) खरेदीदाराला कायद्याने दिलेले संरक्षण भाडेकरूला त्याच प्रमाणात मिळत नाही. त्यामुळे त्याची खरी शक्ती अनामत देण्यापूर्वीच्या दिवसांत असते. अनामत दिल्यानंतर ती झपाट्याने घटते.
३) भोगवटा प्रमाणपत्र नसल्यास इतर सोयी कितीही आकर्षक असल्या तरी ती सदनिका घेऊ नये. इतर त्रुटींबाबत भाडे व अटी यांची वाटाघाट होऊ शकते. या त्रुटीबाबत ती होऊ शकत नाही.
४) मे-जूनमधील पाहणी पाण्याच्या टंचाईचे खरे चित्र दाखविते, परंतु गळतीचे दाखवीत नाही, हे भान ठेवावे.
५) ग्रामीण महाविद्यालयांतून दरवर्षी अनेक विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी शहरांत जातात. त्यांना प्रवेशाविषयी मार्गदर्शन केले जाते, निवासाविषयी सहसा केले जात नाही. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी या विषयावर एक तासिका ठेवणे कोणत्याही महाविद्यालयाला सहज शक्य आहे.

धाब्याच्या घरात वाढलेल्या पिढीला पावसाळ्यापूर्वी आपले घर तपासण्याची सवय होती. घर बदलले, त्याची सामग्री बदलली, तरी ती सवय कालबाह्य झालेली नाही. तुळई व माती यांच्याऐवजी आता प्रमाणपत्र, खांब, पाणी व करार तपासावयाचे आहेत, एवढाच फरक.